महिन्याची लेन्स: दिवस पाकीट फोडल्यापासून मोजा

महिनाभर वापरायच्या कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल ‘महिन्यातून दहाच दिवस लावते, म्हणजे एक जोडी तीन महिने पुरेल’ असा तुमचा हिशोब आहे. तो कृपया करू नका, ताई. ३० दिवस पाकीट फोडल्यापासून मोजायचे, लेन्स डबीत पडून असली तरी. अश्रूंमधली प्रथिनं आणि स्निग्धांश लेन्सवर साचत जातात, लेन्स धुण्याच्या सोल्युशनने ते पूर्ण निघत नाहीत, आणि त्या थरावर जंतू टिकतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो, तोही लेन्समुळे काही प्रमाणात अडतो.

त्यात नळाच्या, टाकीच्या पाण्यात अकँथामीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा संसर्ग दृष्टीही घेऊ शकतो. म्हणून डबी नळाखाली धुऊ नका, दर तीन महिन्यांनी बदला. तुमच्यासारख्या अधूनमधून लावणाऱ्यांना रोजच्या रोज टाकायच्या लेन्सच बऱ्या. डोळा लाल झाला तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.