हुदहुदच्या डोक्यावर तुरा की शेंडी?

लेकीने वहीत 'हुदहुदची शेंडी' लिहिलं, बाईंनी खोडून 'तुरा' केलं. फरक असतो का? शिवाय माझी आजी या पक्ष्याला सुतारच म्हणायची. तेही चूक का?

– आजीचा घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. चोच दोघांची लांब, घरटं दोघांचं ढोलीत. पण सुतार खोडाला चिकटून लाकूड ठोकतो. हुदहुद चालतो जमिनीवर. माळावर, बागेच्या हिरवळीवर, नांगरलेल्या रानात बाकदार चोच मातीत खुपसून अळ्या काढतो. अंग तांबूस, पंखांवर काळे-पांढरे पट्टे. ढोलीजवळ मात्र नाक धरून जा. अंड्यांवर बसलेल्या मादीच्या शेपटीजवळच्या ग्रंथीतून घाण वासाचा स्राव येतो.

– नाव अरबी, त्याच्या 'हूप-हूप-हूप' आवाजावरून पडलेलं. लॅटिनमध्येही 'उपुपा', म्हणजे दोन्हीकडच्या कानांनी एकच ऐकलं! कुराणात सुलेमानाला शेबाच्या राणीची खबर देतो तो हाच. ऑक्टोबर 2014 मध्ये विशाखापट्टणमला धडकलेल्या वादळाचं 'हुदहुद' हे नाव ओमानने सुचवलं होतं.

– मूळ प्रश्न राहिलाच की! 'तुरा' म्हणजे वर उभं राहिलेलं काहीही. उसाला तुरा येतो, कोंबड्याचा मांसल असला तरी तुराच. लग्नातला फेटा आठवा: वर पंख्यासारखा उभा तो तुरा, पाठीवर सोडलेला तो शेमला. 'शेंडी' निमुळती, बहुतेक मागे किंवा टोकाला. माणसाची, नारळाची. म्हणून शिपाई बुलबुलाच्या टोकदार काळ्या पिसांना मी शेंडी म्हणेन, कोणी कितीही खोडलं तरी.

– मग कलगी?

– शिरपेचातली. कलगी नि तुरा दोन्ही पागोट्यावरचेच दागिने, शाहिरांनी त्यांच्या नावाने दोन फड उभे केले: कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. पक्ष्याला कलगी म्हटलं तरी चालेल, पण बोलण्यात तुराच येतो.

– हुदहुदचं गणित वेगळं आहे. एरवी तो पिसं मिटून ठेवतो, तेव्हा ती डोक्यामागे टोकदार निघालेली दिसतात: शेंडी. जमिनीवर उतरला किंवा दचकला की काळ्या टोकांचा पंखा फटकन उघडतो: तुरा. लेकीने कोणता पाहिला?

– विचारलं. म्हणाली, 'तो नुसता किडे खात होता, आई. त्याने उघडलंच नाही काही.'