‘पुरवणी मागण्या’ : मागतो कोण, देतो कोण?

विचारणा

मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवते. तासाला वर्तमानपत्रातली कात्रणं वाचून घेते. परवा जुलै २०२४ मधलं एक जुनं कात्रण निघालं. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्याची ती बातमी होती. वाचणारी मुलगी मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाई, मागण्या तर अंगणवाडीच्या ताई करतात, कांदेवाले करतात. मंत्री कुणाकडे मागतात?" पुढे ‘अनुदानाच्या मागण्या’ असे शब्द आले, तेव्हा दुसरा म्हणाला, "अनुदान सरकार देतं ना? मग सरकारच अनुदान मागतं कसं?"

मी पुस्तकातली व्याख्या सांगून वेळ मारून नेली, पण समाधान झालं नाही. मुलांचं नाही आणि माझंही नाही. हे शब्द मराठीत नेमके कसे समजून घ्यायचे?

उत्तर

बाई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. माझं आयुष्य कायद्याच्या आणि विधिमंडळाच्या कागदांचं मराठी करण्यात गेलं, आणि याच जागी मोठमोठी माणसं अडखळताना मी पाहिली आहेत.

आपल्या रोजच्या बोलण्यात ‘मागणी’ खालून वर जाते. मोर्चा मागणी करतो, सरकार ती मान्य करतं. विधिमंडळात सरकार मागणारं असतं आणि सभागृह देणारं. संविधानाच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे, केंद्रासाठी ११३ प्रमाणे, सरकारला आपला खर्च मागणीच्या रूपानं लोकनियुक्त सभागृहापुढे ठेवावा लागतो. सभागृह ती मागणी मान्य करील, नाकारील किंवा तिच्यातली रक्कम कमी करील. वाढवू मात्र शकत नाही. हे मतही विधानसभेचंच. विधान परिषदेत चर्चा होते, पण मागण्या मताला टाकल्या जात नाहीत.

म्हणून ‘मागणी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तिजोरीच्या किल्ल्या मंत्र्याच्या कमरेला असल्या तरी पैसा त्याचा नाही, हे तो एक शब्द सांगतो. बातमीत ‘सरकारने ९४ हजार कोटींची तरतूद केली’ असं छापून येतं, तेव्हा हा अर्थ निघून जातो. तरतूद सरकारनं सुचवलेली असते. करायची की नाही ते सभागृह ठरवतं.

आता ‘अनुदान’. शाळेचं अनुदान, ठिबक सिंचनाचं अनुदान, कांद्याचं अनुदान, इथे देणारं सरकार असतं. सभागृहात तेच सरकार घेणारं होतं. अर्थ एकच आहे: आपल्या अखत्यारीतला पैसा ठरावीक कामासाठी दुसऱ्याच्या हाती देणं. फक्त पायऱ्या दोन आहेत. पहिल्या पायरीवर सभागृह सरकारला देतं, दुसरीवर सरकार तुमच्या शाळेला. वर्गात फळ्यावर तीन चौकोन काढून दोन बाण दाखवलेत तरी पोरांना कळेल.

अर्थसंकल्पाच्या मराठी पुस्तकांत या संदर्भात दोन सुंदर शब्द आहेत, ‘दत्तमत’ आणि ‘भारित’. ज्या खर्चासाठी सभागृहाचं मत घ्यावं लागतं तो दत्तमत. जो राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीवर, आधीच लादलेला असतो, त्यावर चर्चा होईल पण मत घेतलं जात नाही, तो भारित. कर्जावरचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार ही भारित खर्चाची उदाहरणं. ‘दत्तमत’ कानाला जड वाटतो खरा, पण ‘मत दिलेला’ असा सरळ अर्थ त्यात आहे आणि त्याला दुसरा तितका नेटका शब्द मला सापडलेला नाही.

‘पुरवणी’ मुलांना सांगायला सर्वांत सोपी. उत्तरपत्रिका भरली की पर्यवेक्षकाकडे पुरवणी मागतो तीच ही. मूळ रक्कम अपुरी पडली, किंवा आधी न ठरलेला नवा खर्च उपटला, की पुरवणी मागणी. पण मग तुमच्या कात्रणाकडे पुन्हा पाहा. अर्थसंकल्प मांडला २८ जून २०२४ ला आणि पुरवणी मागण्या ९ जुलैला. लाडकी बहीण योजना २८ जूनच्याच भाषणात जाहीर झाली आणि तिचे २५,००० कोटी पुरवणीत आले. कायद्यात हे बसतं. पण भाषेचा माणूस म्हणून मला ते खटकतं, कारण मुख्य उत्तरपत्रिकेत ज्याची जागा होती ते पुरवणीत लिहिलं की तपासणाऱ्याला मूळ उत्तर किती मोठं होतं तेच समजत नाही.

आणखी एक शंका

मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तारांकित प्रश्नांच्या छापील याद्या वाचतोय. मंत्र्यांच्या उत्तरात दर दुसऱ्या पानावर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असतं. वाचून राग येतो. लोकांचे पैसे कुठे गेले असं आमदार विचारतात आणि मंत्री म्हणतात, प्रश्नच उद्भवत नाही!

उत्तर

राग समजू शकतो, पण इथे शब्दाचा दोष नाही, त्याच्या जागेचा आहे. आपल्या विधिमंडळात प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. तो असा:

(१) अमुक योजनेच्या कामात गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले,
(३) असल्यास, त्यानुसार पुढे कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

सगळा डोलारा ‘असल्यास’ आणि ‘नसल्यास’ या दोन शब्दांवर उभा आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं की दुसरा आणि तिसरा भाग आपोआप गळतो. त्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. आणि पहिल्या तिन्ही भागांना नीट उत्तरं आली, कार्यवाही झाली, तर ‘विलंबाची कारणे’ विचारण्याचं कारण उरत नाही, म्हणून चौथ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणजे ते वाक्य मूळ विषयाबद्दल बोलत नाही, त्या एका उपभागाबद्दल बोलतं. पानावर चार ओळी वर जाऊन (१) ला काय उत्तर दिलंय ते पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नका.

खरी मेख ‘हे अंशतः खरे आहे’ मध्ये असते. कोणता अंश? चांगला सदस्य तिथेच पूरक प्रश्न विचारतो. तारांकित प्रश्नाचा उपयोगच तो: तारा असलेल्या प्रश्नाला मंत्र्यानं सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं असतं, म्हणून त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं आणि विषय तिथे थांबतो. पूरक प्रश्नाला सभागृहात ‘उपप्रश्न’ असंही म्हणतात. इंग्रजीत ‘सप्लिमेंटरी’ हे एकच विशेषण असताना मराठीनं पैशासाठी ‘पुरवणी’ आणि प्रश्नासाठी ‘पूरक’ असे दोन निराळे शब्द घडवले. ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे, ती घालवू नये. ‘पुरवणी प्रश्न’ असं अलीकडे कुठे कुठे दिसतं, ते टाळावं.

जाता जाता ‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’. कार्यवाही म्हणजे कामाची पुढची पावलं: पत्र पाठवलं, अहवाल मागवला, निविदा काढली. कारवाई म्हणजे दोषीवर उचललेला बडगा. ‘कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर आलं आणि बातमीत ‘कारवाई सुरू’ असं छापलं, तर कुणाला शिक्षा होत असल्याचा समज होतो, आणि प्रत्यक्षात फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेली असते. उपसंपादकांनो, हा एक काना-वेलांटीचा फरक नाही, कृपा करून जपा.

आणि मंत्री ‘तपासून घेऊ’ म्हणाले की ते नुसतं बोलणं राहत नाही. ते ‘आश्वासन’ म्हणून नोंदलं जातं आणि सभागृहाची आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. लोकसभेत अशा आश्वासनाच्या पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते.

मुद्रितशोधकाची तक्रार

विनियोग, विनियोजन, विनियम, विनियमन, विनिमय. पंचवीस वर्षं मुद्रितं तपासतेय, अधिवेशन सुरू झालं की हे पाच शब्द एकमेकांच्या जागी येऊन बसतात. एकदा ‘परकीय चलन विनियम दर’ छापून गेलं. कुणीतरी एकदाचं स्पष्ट करा.

उत्तर

ताई, तुमची तक्रार रास्त आहे. तीन कुटुंबं आहेत, ती वेगळी केली की घोळ सुटतो.

‘विनिमय’ म्हणजे अदलाबदल. वस्तुविनिमय, विचारविनिमय, चलनाचा विनिमय दर. याच्यात ‘यम’ नाही, नियमाशी त्याचा काही संबंध नाही.

‘विनियम’ आणि ‘विनियमन’ यांच्यात ‘यम’ आहे, म्हणजे आवर घालणं. विनियमन ही क्रिया, विनियम हा तिच्यासाठी केलेला लेखी मजकूर. कायद्याच्या मराठीत एक उतरंड आहे: विधिमंडळ करतं तो अधिनियम, त्याखाली सरकार करतं ते नियम, शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी किंवा विद्यापीठ यांसारखी वैधानिक संस्था करते ते विनियम, आणि तुमची गृहनिर्माण सोसायटी पाळते ते उपविधी.

‘विनियोग’ आणि ‘विनियोजन’ यांच्यात ‘योग’ आहे, जोडणं. विनियोजन विधेयक म्हणजे मंजूर झालेला पैसा एकत्रित निधीतून काढून ठरल्या कामाला जोडण्याची परवानगी. नुसत्या मागण्या मंजूर होऊन भागत नाही. हे विधेयक पारित झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा हलत नाही.

माझ्या आजोबांमुळे मला हा शब्द कधी अवघड गेला नाही. स्तोत्राच्या आरंभी ऋषी, छंद, देवता सांगून ते ‘जपे विनियोगः’ म्हणत. लहानपणी मी अर्थ विचारला, तर म्हणाले, "हे कशासाठी वापरायचं ते आधी सांगून ठेवायचं." त्याहून चांगली व्याख्या मी पुढे कुठल्या कोशात वाचली नाही. आणि पूजेत आधी संकल्प, मग विनियोग. आपल्या पूर्वसुरींनी ‘अर्थसंकल्प’ हा शब्द घेतला तेव्हा त्यांच्या मनात हा क्रम असेल की नाही, मला सांगता येणार नाही. मला मात्र तो नेहमी आठवतो. ‘अंदाजपत्रक’ही शुद्ध आणि चांगला शब्द आहे, पण त्यात फक्त आकडे आहेत. संकल्पात वचन आहे.

लासलगावहून

आमच्याकडे २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवारातून मोकळा झाला, तेव्हा सगळे ‘नियमनमुक्ती’ म्हणाले. मग विनियमनमुक्ती का नाही?

उत्तर

कायद्याचं नाव ‘महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३’. म्हणजे कागदावर विनियमनच आहे. पण आडत कापून घेणाऱ्याच्या तोंडात ‘वि’ टिकला नाही, ‘नियमन’ रूढ झालं, आणि अर्थात काही उणं आलं नाही. तुमचाच शब्द बरोबर. ‘नियंत्रण’ मात्र निराळं: भाव किंवा साठा सरकारनं स्वतः ठरवून द्यायचा तिथे नियंत्रण. खेळाचे नियम घालून पंच नेमायचा तिथे नियमन, आणि तो पंच म्हणजे नियामक.

शेवटची विचारणा

पुन्हा मीच, साताऱ्याची. पुस्तकात ‘सरकारचं उत्तरदायित्व’ आहे. मुलं म्हणतात ‘जबाबदारी’ म्हटलं तर काय बिघडतं? मला वाटायचं दोन्हींत फरक आहे.

उत्तर

बाई, काहीच बिघडत नाही. ‘जबाबदारी’त जबाबच आहे, म्हणजे उत्तर. अरबी ‘जवाब’ला फारसी ‘दार’ लागला. ‘उत्तरदायित्व’ म्हणजे तीच कल्पना संस्कृतात. पोलीस नोंदवतात तो जबाब, आपण विचारतो तो ‘जाब’ही त्याच शब्दाचा. आपण ‘जबाबदारी’ला काम किंवा ओझं समजू लागलो आणि आतलं उत्तर विसरलो, म्हणून दुसरा शब्द लागला.

हे मुलांना पटवायचं तर १९५७ ची गोष्ट सांगा. आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं जानेवारी १९५६ मध्ये, तेव्हाचे अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख. पुढच्याच वर्षी नव्या आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. तेव्हा अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. लोकसभेत फिरोज गांधींनी १६ डिसेंबर १९५७ ला हा विषय धसाला लावला, आणि ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली. सचिवानं केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असं आयोगानं म्हटलं आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. ‘मला माहीत नव्हतं’ हा जबाब पुरेसा ठरला नाही.

एक शब्द तुमच्या वर्गासाठी राखून ठेवला होता. मंजुरीपेक्षा जास्त पैसा खर्चून बसलं आणि वर्ष संपलं, तर पुरवणी मागता येत नाही. मग सरकारी खर्चाचा हिशेब पाहणारी विधिमंडळाची लोकलेखा समिती तो तपासते आणि सरकारला ‘अधिक खर्चाची मागणी’ घेऊन सभागृहापुढे यावं लागतं. त्या मुलीला विचारा, घंटा झाल्यावर लिहिलेल्या उत्तराला ती काय म्हणेल. तिचा शब्द मला जरूर कळवा.