गोव्यात चर्च बघायची का नाही? आमच्या ग्रुपमधी यावरून लई वाजलंय

लातूरवाला
दिवाळीत दोन गाड्या करून गोवा ठरलंय. थोरल्या काकांचं म्हणणं असं की मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा करायचं आन समुद्रात पाय बुडवून परत, चर्चमधी पाय ठेवायचा नाही. पोरांना बागा बीच सोडून काहीच नको. मी म्हणालो एक आख्खा दिवस ओल्ड गोवा, फोंड्याची देवळं आन एखादं जुनं पोर्तुगीज काळातलं घर असं एकदमच बघू, तर दोन्ही पार्ट्या माझ्यावरच उलटल्या. माझं मत सरळ हे, चर्च न बघता मंगेशीला गेलात तर ते देऊळ तिथं कामून हे तेच कळत नाही. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आत्ताची कुठ्ठाळी. 1560 च्या सुमारास पोर्तुगीज देवळं पाडायले म्हणून लोकांनी देव उचलून नदीपल्याड प्रियोळला नेला, कारण तो भाग तवा विजापूरच्या आदिलशहाकडं होता. आपलं नळदुर्ग ज्यांच्याकडं होतं तेच हे. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. ही तिन्ही ठिकाणं फोंड्यातली, आन फोंडा पोर्तुगीजांकडं गेला 1763 ला, तोवर दोनशे वर्षं देव तिकडं सुखात.

बीडकर_भाऊ
तुमीच सगळं सांगितलं की मालक! ज्यांनी देवळं पाडली त्यांच्याच इमारती पैसे खर्चून बघायच्या आन वा वा करायचं? इन्क्विझिशन, म्हणजे धर्मावरून लोकांना पकडून शिक्षा करायचं चर्चचं कोर्ट, 1560 ला सुरू झालं ते 1812 पर्यंत. ओल्ड गोव्यातलं मोठं चर्च, से कॅथेड्रल, कशाची आठवण म्हणून उभं हे माहितीये का, पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं 1510 ला गोवा घेतला त्या दिवसाची. सेंट कॅथरीनचा दिवस होता म्हणून तिचं नाव. जिंकल्याचं स्मारक हे ते, आन हरलेल्यांनी त्याच्यापुढं फोटो काढायचा. काकांचं बरोबरे.

लातूरवाला
भाऊ हात जोडा कोण म्हणायलंय, डोळे उघडे ठेवून बघा एवढंच. काकांना विचारलं देव कामून हलवला, तर म्हणे "देवाची इच्छा". आता यावर काय बोलावं. से कॅथेड्रलपुढं उभं राहिलं की ते केवढं दांडगं राज्य होतं ते अंगावर येतं, तवा कळतं की लोकांनी रातोरात होडीतून देव नेला असंल तर काय जिगर लागली असंल. आन त्याचा एक बुरुज 1776 ला पडला तो परत बांधलाच नाही, अजून एकाच बाजूला मनोरा हे. ते बघूनच मला तर बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू 😄

औंढ्याची_लेक
देवळात तरी शुद्ध जुनं काय बघायला मिळणारे? कवळ्याचं आत्ताचं देऊळ 1738 चं, शाहू महाराजांच्या काळातलं. वर घुमट, कमानीच्या खिडक्या, आत झुंबरं. आमच्या औंढा नागनाथाच्या भिंतीवरचं कोरीव काम बघितलेल्या माणसाला पहिल्यांदा वाटतं हे काय देऊळ हे का वाडा. मला तेच आवडलं उलट. चर्च बांधणारे गवंडी आन देऊळ बांधणारे गवंडी त्याच मातीतले, हात तोच. ख्रिश्चन घराच्या अंगणातला क्रूस आन हिंदू घरापुढचं तुळशीवृंदावन शेजारी शेजारी बघा, जोतं बऱ्याच ठिकाणी सारखंच दिसतं, वर काय ठेवलंय तेवढा फरक. जुनं दगडी देऊळच पायजे तर तांबडी सुर्ला, पोर्तुगीजांच्या आधीच्या कदंब राजांच्या काळातलं, जंगलात, काळ्या दगडाचं. ते बघून एकदम आपल्याकडं आल्यासारखं वाटतं.

बीडकर_भाऊ
हात तोच असंल, हुकूम कुणाचा होता? बघायचंच तर नार्व्याचा सप्तकोटेश्वर महादेव बघा. 1668 ला शिवाजी महाराजांनी परत उभा करायला लावला. तिथं फोटो काढा.

लातूरवाला
एक नंबर, तिथं जायचंच हे. पण रस्ता बघा भाऊ. त्याचं मूळ ठिकाण दिवाडी बेटावर. ओल्ड गोव्याहून जायचं तर व्हाइसरॉय आर्चखालून जावं लागतं, कमानीवर वास्को द गामा उभा, खाली फेरीचा धक्का. फेरीनं दिवाडी, बेट ओलांडून दुसऱ्या फेरीनं नार्वे. म्हणजे महाराजांच्या देवळाला जातानाबी वास्को द गामाच्या पायाखालूनच जायचंय, टाळून कुठं टाळता!

जालन्याची_थॉमस_फॅमिली
दोन्हीकडच्यांना एक सांगू का, तुम्ही चर्च म्हटलं की पोर्तुगीजच धरायलात. आम्ही जालन्याचे ख्रिश्चन. इथली बेथेल ही ख्रिश्चन वस्ती रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवली, त्यांचा पोर्तुगीजांशी काय संबंध? आम्हाला बी कुणी विचारतं, तुम्ही गोव्याचे का, डोकं फिरतं. आन ओल्ड गोव्याच्या बॉम जेझू चर्चमधी टुरिस्ट कसे वागतात ते बघून तर काका येत नाहीत तेच बरं वाटतं. प्रार्थना चालू, लोक गुडघ्यावर, आन हे सेंट झेवियरच्या शवपेटीकडं पाठ करून सेल्फी. फोंड्याच्या देवळांत अंगभर कपडे लागतात ते निमूट पाळतात, चर्चमधी मात्र हाफ चड्डी. जायचं तर नीट जा. बाकी इमारत बघण्यासारखीच हे, 1605 ची. बाहेरचं प्लास्टर मागच्या शतकात काढून टाकलं, आता जांभा पावसानं झिजायलाय म्हणून परत लावा अशी मागणी हे.

परभणीचा_शेतकरी
तुमचं चालू द्या. शक्तिपीठ महामार्ग पार पत्रादेवीपर्यंत, गोव्याच्या हद्दीला. मोजणीवाले आमच्या बांधावर येऊन गेले. तुमची गाडी सुसाट जावी म्हणून माझी बागायत. अन् गोव्याचं एवढं कौतुक, देगलूरजवळच्या होट्टल गावची जुनी देवळं बघितली का? तेरचं म्युझियम? ते तेर एकेकाळी रोमशी व्यापार करायचं.

लातूरवाला
दादा जमिनीचं तुमचं खरंय, त्यावर बोलायला मला तोंड नाही. तेर बघितलंय, हस्तिदंती बाहुलीसाठीच गेलतो. होट्टल राहिलंय.

उदगीरची_सून
घरांचं कुणीच बोलंना. चांदोरचं ब्रागांझांचं घर बघा, खिडकीला काचेऐवजी शिंपल्याच्या पातळ चकत्या, लाकडी पट्ट्यांत एकेक सरकवलेल्या. बाहेरचं कै दिसत नाही पण दुधासारखा उजेड आत. मी तासभर त्या खिडकीपाशीच होते, नवरा वैतागला. फक्त पणजीच्या फोंतेनांस या जुन्या वस्तीमधी जपून, लोकांची राहती घरं हेत, दारावर "फोटो काढू नका" लिहिलंय तरी पोरी पायऱ्यांवर बसून रील करायल्या. आपल्या ओट्यावर कुणी असं बसलं तर सासूबाई पाणी ओततील.

बीडकर_भाऊ
घरं चालतील. चांदोर म्हंजे कदंबांचं चंद्रपूर, राजधानी होती ती. चर्चला मी बाहेरच थांबणार, मत बदललेलं नाही.

लातूरवाला
थांबा की, काकांना सोबत होईल. गाडीत एक सीट रिकामी हे, येता का बोला. डिझेल वाटून.