मद्रासी, मलबारी, केरळी, मल्याळी: कोणता शब्द कुठे?

प्रश्न: जुन्या मराठी लेखनात दक्षिणेकडच्या सगळ्यांनाच ‘मद्रासी’ म्हटलेलं आढळतं. आता ‘मल्याळी’, ‘केरळी’ हे शब्द रुळलेत. एका अनुवादाचं मुद्रितशोधन चालू आहे. यांतलं काय कुठे वापरावं? गावांची आणि माणसांची नावं कशी लिहावीत?

प्रतिसाद: ‘मद्रासी’ हा शब्द इलाख्यावरून आला. मलबार जिल्हा मद्रास इलाख्यात होता, त्यामुळे तिथल्या माणसाला मद्रासी म्हणायला निदान कागदोपत्री आधार होता. उडुपीही त्याच इलाख्यातल्या दक्षिण कानडा जिल्ह्यात, म्हणून मुंबईतला तुळू बोलणारा हॉटेलवालाही मद्रासीच ठरला. पण त्रावणकोर आणि कोचीन ही संस्थानं होती. तिरुवनंतपुरमचा माणूस मद्रास इलाख्याचा रहिवासी कधीच नव्हता. म्हणजे केरळच्या मोठ्या भागाला हा शब्द तेव्हाही लागू नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ला केरळ राज्य झालं, १९६९मध्ये मद्रास राज्याचं तमिळनाडू झालं, १९९६मध्ये शहराचं चेन्नई. आज निवेदनात ‘मद्रासी’ ठेवायला काहीच कारण नाही. पात्राच्या तोंडी असेल तर मात्र बदलू नका. साठच्या दशकातल्या मुंबईत लोक तसंच बोलत आणि त्यात हेटाळणी असे. ती वाचकाला कळायलाच हवी.

प्रतिसाद: मल्याळी भाषेवरून, केरळी राज्यावरून. केरळच्या किनाऱ्यावरचं माहे प्रशासनाच्या दृष्टीने पुदुच्चेरीत मोडतं, तिथले लोक मल्याळी आहेत पण केरळी नाहीत. उलट कोचीच्या मट्टनचेरीतले गौड सारस्वत पिढ्यान्‌पिढ्या केरळी आहेत आणि घरी कोकणी बोलतात. ‘मलबारी’ नेमकेपणाने उत्तर केरळपुरता. आखातात तो सरसकट सगळ्या मल्याळींना लावतात. समाजसुधारक बेहरामजी मलबारी मात्र पारशी, त्यांच्या आडनावावरून घोटाळा करू नका.

प्रतिसाद: नावांबद्दल. गडबड होते ती इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरी केल्यामुळे. केरळात इंग्रजीतला टीएच बहुतेक वेळा ‘त’साठी असतो. म्हणून तिरुवनंतपुरम, त्रिशूर. गीथा, लथा, निथिन असं छापलेलं दिसतं, तिथे गीता, लता, नितिन हवं. ‘वायनाड’ वृत्तपत्रांनी रूढ केलं, मुळात वयनाड. ‘पलक्कड’ नव्हे, पालक्काड. ओनम नव्हे, ओणम.

झेडएच हा दुसरा सापळा. तो ‘झ’ नाही. जिभेचं टोक मागे वळवायचं, पण टाळूला टेकवायचं नाही, असा तो उच्चार. देवनागरीत त्यासाठी ऴ आहे (युनिकोड ०९३४), पण अनेक फॉन्टमध्ये तो नीट उमटत नाही आणि सामान्य वाचक अडखळतो. ललित लेखनात सरळ ळ लिहावा: कोळिकोड, आलप्पुळा. ‘कोझिकोड’ टाळाच. आणि केरळ, कथकळी, एर्णाकुळम यांत मुळातच साधा ळ आहे. आपल्याकडे ळ असताना हिंदीच्या मागे जाऊन ‘कथकली’ लिहिणं मला खरोखर खटकतं.

प्रतिसाद: वरच्याला जोडून, आद्याक्षरं. के. आर. नारायणन म्हणजे कोच्चेरिल रामन नारायणन: घराचं नाव, वडिलांचं नाव, मग स्वतःचं. पी. टी. उषा यांची दोन्ही आद्याक्षरं घराच्या नावाची. कोकण रेल्वेमुळे आपल्याला परिचित असलेले ई. श्रीधरन यांचंही ‘ई’ तसंच. श्रीधरन हे आडनाव नव्हे, त्यांचं स्वतःचं नाव आहे. म्हणून सूचीत ‘श्रीधरन, ई.’ चालेल, पण त्यांच्या मुलांना ‘श्रीधरन घराण्यातले’ म्हणू नये. मेनन, नायर, नंबियार हे नावापुढे लागतात, ती जातिवाचक उपनामं आहेत.

प्रश्नकर्ता: आभार. विभक्ती? ‘मल्याळ्यांनी’ की ‘मल्याळींनी’?

प्रतिसाद: माळी–माळ्यांनी या नियमाने ‘मल्याळ्यांनी’ शुद्धच. पण आज ‘मल्याळींनी’ जास्त चालतं. एक काहीतरी धरा आणि पुस्तकभर तेच ठेवा. भाषेचं नाव मल्याळम, म्हणून ‘मल्याळममध्ये’, ‘मल्याळमचा’. ‘तो मल्याळम आहे’ चूक, ‘तो मल्याळी आहे’ बरोबर. ‘मल्लू’ मल्याळी मंडळी आपसात वापरतात. बाहेरच्याने वापरलेला अनेकांना आवडत नाही, तेव्हा निवेदनात नको.