हायपरमेटाबॉलिकला मराठीत काय म्हणायचं? (चयापचय आणि अपचनाचा घोळ)

वरणबट्टी
मंडळी एक शब्द अडलाय. आमची आत्या रावेरची, तिचा पेट स्कॅनचा रिपोर्ट आला, त्यात तीन ठिकाणी हायपरमेटाबॉलिक लिहिलंय. चुलतभावाने मोबाईलवर मराठी करून घेतलं तर आलं "अतिचयापचयी", आणि काकांनी ते ओसरीवर बसून मोठ्यांदा वाचलं. मग काय, अपचय म्हणजे अपचन, घरातला जो तो डॉक्टर. एकाने ओवा नि शेंदेलोण काढलं, दुसरा म्हणे आदल्या रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली म्हणून मशीनमध्ये तसं आलं. बायोप्सी आधीच झालीये, कॅन्सर आहे हे माहितीये, निदान विचारत नाहीये. शब्द विचारतोय. काकांना सांगू काय?

जुनेमास्तर
काकांचा दोष नाही, कान फसवतो. अपचन म्हणजे अ + पचन, धातू पच्, शिजणे जिरणे. अपचय म्हणजे अप + चय, धातू चि, गोळा करणे रचणे. संचय, समुच्चय ही त्या चि ची लेकरं. चय म्हणजे रचणं, भर घालणं, अपचय म्हणजे मोडणं, घटणं. दोन्ही मिळून चयापचय. पोटाशी काही संबंध नाही, पचन होतं आतड्यात आणि चयापचय चालतो प्रत्येक पेशीत, अगदी केसाच्या मुळातल्याही. दोन शब्द दोन वेगळ्या घरचे, चेहरा तेवढा सारखा.

कपाशीवाला
मास्तर मग साधं आवक-जावक म्हणा ना, मार्केट कमिटीत रोज ऐकतो. चयापचय म्हटलं की माणूस निम्म्यातच झोपतो.

जुनेमास्तर
आवक-जावकमध्ये माल तोच राहतो भाऊ. इथे माल बदलतो. तुमच्याच भाषेत जिनिंग म्हणा, कापूस आत जातो आणि रुई वेगळी, सरकी वेगळी बाहेर येते. फक्त पेशी सरकीतून परत नवी भिंतही बांधते, तेवढं जिनिंगवाल्याला जमत नाही.

लॅबवाली ताई
मी धुळ्याला लॅबमध्ये आहे, बायोकेमिस्ट्री शिकलेय. मास्तरांची फोड बरोबर पण रिपोर्टातला हायपरमेटाबॉलिक त्याहून छोटा शब्द आहे. पेट स्कॅनला साखरेसारखा दिसणारा पदार्थ शिरेतून देतात, त्याला फ्लोरिन-१८ चिकटवलेलं असतं (११० मिनिटांत निम्मं संपतं). पेशी साखर समजून तो आत ओढते, पण तो पुढे मोडत नाही, तिथेच अडकतो आणि ती जागा चमकते. म्हणजे रिपोर्ट म्हणतोय एवढंच की "ही जागा साखर जास्त ओढते". मी पेशंटला तेच सांगते, साखर ओढणारी जागा. आणि चमकलं म्हणजे कॅन्सरच असं नाही हां, टीबीची गाठ चमकते, इन्फेक्शन चमकतं, मेंदू तर सगळ्यांचाच चमकतो. भरीताचा दोष नाही, पण स्कॅनआधी ४ ते ६ तास उपाशी ठेवतात ते ह्या साखरेच्याच भानगडीमुळे.

वरणबट्टी
साखर ओढणारी जागा, झकास, हे काकांना कळेल. पण आता दुसरं. डॉक्टर म्हणाले इम्युनोथेरपीचा विचार करू, कारण "शरीराची प्रतिकारशक्ती गाठीला ओळखत नाहीये". आता गाठीने साखर ओढण्याचा आणि शरीराने तिला ओळखण्याचा काही संबंध आहे का, का मी उगाच दोन वाक्यं जोडतोय?

लॅबवाली ताई
उगाच नाही, आहे संबंध, जरा लांब लिहिते.
१९२० च्या दशकात ओटो वारबर्ग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिलं की कॅन्सरच्या पेशी हवा असूनही साखर अर्धीच मोडतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. असं अर्धं मोडलं की एका ग्लुकोजमागे २ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, पूर्ण जाळलं तर तीसेक. तोट्याचा धंदा वाटतो ना? पण अर्धवट मोडलेल्या तुकड्यांतून नव्या पेशीचा माल बनतो, म्हणजे मास्तरांचा तो "चय" इथे खरा कामाला येतो.
आता टी पेशी, म्हणजे आपल्या शिपाई पेशी. लढायला उठल्या की त्यांनाही साखर लागते आणि त्याही तशीच भराभर मोडतात. गाठीत साखर कमी पडली की त्यांचं हत्यार अडतं. इंटरफेरॉन-गॅमा नावाचं रसायन त्या सोडतात, ते बनवायचा जो निरोप पेशीत फिरतो त्यालाच साखर मोडणाऱ्या साखळीतलं एक एन्झाइम जाऊन चिकटतं, कारण त्याला स्वतःचं काम उरलेलं नसतं. हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं. आणि गंमत ऐका, हेच इंटरफेरॉन गाठीच्या पेशीला सांगतं की तुझ्या आतले प्रथिनांचे तुकडे बाहेर खिडकीत मांड. त्या खिडकीला एमएचसी म्हणतात. खिडकीत माल नाही तर शिपाई ओळखणार कशाने?

कपाशीवाला
तण खाई धन! युरिया टाकला कपाशीला आणि खाल्ला गाजरगवताने. समजलं ताई. मग साखर बंद करा ना आत्याची, तण आपोआप मरेल.

लॅबवाली ताई
नका हो, हे आमच्याकडे रोज ऐकावं लागतं. चहातली साखर बंद केली तरी रक्तातली साखर लिव्हर बनवतंच, गाठ उपाशी मरत नाही, मरतो तो पेशंट, वजन उतरून. खाण्याचं डॉक्टरांना विचारा.
आणि तणाची उपमा छान पण पूर्ण खरी नाही. २०२१ मध्ये उंदरांच्या गाठींत मोजलं तर पेशीमागे सगळ्यात जास्त साखर कॅन्सरच्या पेशी नाही, तर गाठीत येऊन बसलेल्या मॅक्रोफेजसारख्या आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी ओढत होत्या. कॅन्सरच्या पेशींना ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल) जास्त आवडत होतं. म्हणजे तणाबरोबर घरच्याच बैलानेही पीक खाल्लं म्हणा.
उपमेत आणखी एक राहिलं. बाहेर टाकलेलं आम्ल. रक्ताचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तेवढं आंबट) ७.४, गाठीच्या आसपास तो ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो, आणि त्या आंबटाणात टी पेशी नि एनके पेशी (दुसऱ्या प्रकारच्या शिपाई पेशी) दोन्ही ढेपाळतात. उलट नियामक टी पेशी, ज्या लढाईला आवर घालतात, त्या हेच लॅक्टिक आम्ल खाऊन निभावतात.

कपाशीवाला
म्हणजे चोपण जमीन. तापीकाठाला आहे की तशी, पेरलं तरी उगवत नाही. (माहितीये, ती खारट आणि ही आंबट, मास्तर लगेच टोकतील.)

जुनेमास्तर
टोकत नाही, पण "ओळख" या शब्दावर अडतो. मराठीत ओळख होणं, ओळख पटणं, ओळख दाखवणं ही तीन वेगळी कामं आहेत. बाजारात उसनवारी बाकी असलेला माणूस आपल्याला ओळखतो, पण ओळख दाखवत नाही. डॉक्टरांचं "ओळखत नाही" यातलं कुठलं? आमच्या अहिराणीत ळ चा य होऊन वयख म्हणतात, प्रश्न तोच राहतो.

लॅबवाली ताई
वा मास्तर, हे मला शिकवताना कधीच सुचलं नाही. दोन्ही घडतं. खिडकी बंद असेल तर ओळख पटतच नाही. पण पुष्कळदा टी पेशीला ओळख पटलेली असते, गाठीपर्यंत पोचलेलीही असते, तरी हात उचलत नाही, कारण उपाशी आहे, आंबटाणात आहे आणि वरून पीडी-१ चा (टी पेशीवरच्या एका प्रथिनाचा) ब्रेक दाबलेला आहे. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल ब्रेक सोडवण्याच्या कामासाठीच मिळालं. इम्युनोथेरपी म्हणतात त्यात मुख्य औषधं ही ब्रेक सोडवणारी. पण ब्रेक सोडला आणि टाकीत पेट्रोलच नसलं तर? म्हणून चयापचयाची औषधं जोडून बघतायत. ट्रिप्टोफॅन (टी पेशींना लागणारं एक अमिनो आम्ल) मोडणारं एक एन्झाइम अडवायचं औषध फार गाजलं होतं, २०१८ मध्ये मेलॅनोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) मोठ्या चाचणीत ब्रेक सोडवणाऱ्या औषधाला जोडून दिलं तर काही फायदा दिसला नाही. तेव्हा हे अजून शेतातून खळ्यात आलेलं नाही.

जुनेमास्तर
मग डॉक्टरांच्या वाक्याला मी "ओळखत नाही" ऐवजी "दखल घेत नाही" म्हणेन. ओळखलं असो की नसो, दखल घेतली नाही, दोन्ही त्यात बसतं.

वरणबट्टी
दखल घेत नाही. लिहून घेतलं.
काल रावेरला जाऊन आलो, रिपोर्टाच्या मागे मराठीत लिहिलं, "तीन जागा साखर ओढतात, पोटाचा संबंध नाही", काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. आत्या तिकडून म्हणते, मंग मना ओवा कोनी खाई टाका?