सिव्हिल सोडून जुन्या वाड्यांच्या कामात यावं का? (बडोदे)

रावपुऱ्यातला:
सिव्हिलची पदवी झाली, दोन वर्षं साइटवर आहे. आजीचा वाडा गेल्या वर्षी पाडला, तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. आई म्हणते, "पडक्या भिंतींना पगार कोण देतं?" शिकू कुठे? आणि यात पोट भरतं का?

सुरखी:
भरतं, पण उशिरा. मी २२ वर्षं यात आहे, पहिली पाच नवऱ्याच्या पगारावर काढली.

मास्टर्सला अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ जवळ पडेल. दिल्ली आणि भोपाळच्या एसपीएतही (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) कॉन्झर्वेशन, म्हणजे जुन्या वास्तूंचं जतन, आहे, पण आर्किटेक्चरची पदवी लागते का ते आधी बघ. त्याआधी सहा महिने चुन्याच्या गवंड्याच्या हाताखाली जा. तुला सिमेंट येतं, अडचण तीच आहे!

माझं पहिलं काम दांडिया बाजारातल्या एका वाड्याचं. भिंत ओली होती, म्हणून मी वरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. काय गुळगुळीत दिसत होता! दुसऱ्या पावसाळ्यात लोणा, म्हणजे ओलीबरोबर भिंतीवर फुटणारा क्षार, हातभर वर चढला आणि भिंतीतल्या सागवानी खांबात किल्ली खुपसली तर ती सरळ आत गेली. चुन्यातून ओल हळूहळू बाहेर पडते. मी ती वाट बंद केली, पाणी लाकडात मुरलं. मिस्त्री म्हणाले, "बेन, भिंतीला रेनकोट घातलात." मालकीणबाईंनी त्या दिवशी चहा विचारला नाही.

कळीचा चुना विझवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यावा लागतो. घाई केली की न विझलेले खडे नंतर भिंतीत फुगतात, गिलाव्याला फोड येतात. सकाळी कालवून दुपारी लिंपायची सवय असलेल्याला हा महिना फार जड जातो.

दांडियाबाजारकर:
आम्ही तांबेकर वाड्याच्या शेजारचे, तो सरकारी संरक्षित आहे. संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरांत परवानगी घ्यावी लागते. घराच्या दुरुस्तीलासुद्धा अर्ज. नीट कागद करून देणारा माणूस भेटला तर गल्ली ओवाळेल त्याला.

रावपुऱ्यातला:
आणि भित्तिचित्रं? तांबेकर वाड्यातली, कीर्ती मंदिरातली नंदलाल बोसांची?

सुरखी:
ती वाट निराळी, त्याला रसायनशास्त्र किंवा फाइन आर्ट्स हवं. लखनौला त्यासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तू चित्रामागची भिंत सांभाळ. वर चढून पन्हळ तुंबलंय का ते बघणारा कुणी नसतो.

शनिवारी चुना विझवणार आहोत. येतोस तर जुने कपडे घाल आणि डोळ्यांना चष्मा लाव, उकळताना उडतो.