मदत हवी आहे: पकडलेला हात सुटत नाही, एक्झोम रिपोर्ट निगेटिव्ह. आता कोणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय तिशीच्या मध्यावर. बरणीचं झाकण घट्ट धरलं की त्याचा हात पटकन उघडत नाही, बोटं हळूहळू सुटतात. लागोपाठ चार-पाच वेळा मूठ उघडझाप केली की मोकळी होतात. चवडा नीट उचलला जात नाही, त्यामुळे सपाट जमिनीवरही ठेचकाळतो. दुपारी बसल्या जागी झोप लागते (यावरून घरात आळशीपणाची बोलणी खाऊन झाली आहेत). मोतीबिंदू एवढ्या लवकर कसा, हे त्या ऑपरेशनच्या वेळी कुणीच विचारलं नाही. आईलाही तो लवकर झाला होता, आणि तिच्या पापण्या नेहमी अर्धवट मिटलेल्या असतात.

न्यूरोलॉजिस्टनी ईएमजी (स्नायूंमधले विद्युत संदेश बघणारी तपासणी) केली, स्नायूंचा आजार दिसतोय म्हणाले आणि जीन टेस्ट सांगितली. एक्झोम सिक्वेन्सिंग (जीन्समधले प्रथिनं बनवणारे भाग एकत्र वाचणारी टेस्ट) निगेटिव्ह आलं. त्यावर "काही सापडलं नाही, सहा महिन्यांनी या" एवढंच. दरम्यान पित्ताशयात खडे निघाले आणि सर्जन तारीख द्यायच्या बेतात आहेत.

या आजारांचे खास डॉक्टर कसे शोधायचे? दहा मिनिटांच्या भेटीत काय बोलायचं? आधीच्या डॉक्टरांना न दुखावता दुसरं मत कसं घ्यायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मी डॉक्टर नाही. माझ्या नवऱ्याला मायोटॉनिक डिस्ट्रॉफी टाइप १ आहे, म्हणजे स्नायू आवळले की लवकर सैल होत नाहीत आणि हळूहळू कमजोर होतात असा आनुवंशिक आजार. तुमच्या भावाला तेच आहे असं मी म्हणणार नाही, पण या रिपोर्टवरून ते नाही असंही म्हणता येत नाही. आम्हीही अशाच निगेटिव्ह कागदावर बरेच दिवस काढले.

या आजारात डीएमपीके जीनमध्ये सीटीजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. साधारण ३४ वेळांपर्यंत ठीक, ५० किंवा जास्त झाली की आजार, काहींमध्ये ती हजाराच्याही वर जातात. नेहमीचं एक्झोम डीएनए छोट्या तुकड्यांत वाचतं, त्यात ही लांबलेली माळ (रिपीट एक्स्पान्शन) सहसा निसटते. शिवाय ती जीनच्या अशा भागात असते की एक्झोम तिथे नीट पोचतच नाही. हा दोष १९९२ पासून माहीत आहे आणि त्याची वेगळी तपासणी मिळते: ट्रिपलेट-प्राइम्ड पीसीआर, गरज पडल्यास सदर्न ब्लॉट. टाइप २ चा जीन वेगळा, त्याची तपासणीही वेगळी. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, "एक्झोममध्ये रिपीट एक्स्पान्शन बघितलं गेलं का? नसेल तर ती टेस्ट लिहून द्याल का?" यात कुणाचा अपमान होत नाही, आणि कदाचित दुसऱ्या मताची वेळही येणार नाही.

आलीच तर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरोलॉजी विभागात फोन करून न्यूरोमस्क्युलर किंवा मसल क्लिनिक कोणत्या वारी असतं ते विचारा. नुसत्या "न्यूरोलॉजिस्ट" या पाटीवरून काही कळत नाही, डोकेदुखी-पक्षाघात बघणारेही तेच. तिथली तारीख लांबची मिळाली तर मधल्या काळात जेनेटिक्सच्या डॉक्टरांना गाठा, टेस्ट तेही लिहून देऊ शकतात.

जाताना मूठ सुटतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्या. तपासणीच्या खोलीत हात गरम झालेला असतो आणि नेमका तेव्हाच सरळ उघडतो! एका कागदावर काय कधी सुरू झालं ते लिहा, जाडजूड फाइल कुणी उलगडत नाही. आणि आईला सोबत न्याच. आमच्या डॉक्टरांनी सासूबाईंशी नुसतं हस्तांदोलन केलं, त्यांना हात सोडवायला वेळ लागला आणि डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. घराण्याचा इतिहास मग वेगळा सांगावा लागला नाही.

प्रतिसाद २

पित्ताशयाचं आधी बघा. निदान पक्कं नसलं तरी "मायोटॉनिक डिस्ट्रॉफीचा संशय आहे" हे वाक्य भूलतज्ज्ञांच्या कानावर ऑपरेशनच्या बरंच आधी गेलं पाहिजे, टेबलावर घेतल्यावर नाही. गुंगीची आणि अफूवर्गातली वेदनाशामकं या पेशंटना जास्त चढतात, नंतर श्वास मंदावू शकतो. भूल देताना स्नायू सैल करायला वापरतात ते सक्सिनिलकोलीन टाळतात, कारण त्याने या पेशंटचे स्नायू उलट आखडतात. ईसीजीही हवाच. हृदयातले विद्युत संदेश मंदावलेले असले तरी माणसाला काहीच जाणवत नसू शकतं. तातडी नसेल तर तारीख पुढे ढकलता येईल का, हे सर्जनना विचारा. दुखणं वाढलं, ताप आला किंवा कावीळ दिसली तर मात्र थांबू नका.

धागाकर्ती

खूप आभार दोघांचे. भूलतज्ज्ञांची वेळ मागितली आहे. आई "मला काय झालंय" म्हणून यायला तयार नाही, तिला डोळे दाखवायला म्हणून नेईन. एक राहिलं: मला मूल हवं आहे. मीही तपासणी करून घ्यावी का?

प्रतिसाद १

आधी भावाचं निदान होऊ द्या, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते कळेल. तेच निघालं तर बाधित पालकाकडून प्रत्येक अपत्याला तो यायची शक्यता निम्मी. पुढच्या पिढीत तो बऱ्याचदा लवकर आणि जास्त तीव्र दिसतो, आणि जन्मतःच असणारा प्रकार बहुतेक वेळा आईकडून येतो. त्यामुळे गर्भधारणेच्या आधीच जेनेटिक काउन्सेलरकडे जा, आणि टेस्ट करायची की नाही हे त्यांच्याशी बोलून मग ठरवा. भावाचा रिपोर्ट आला की इथे नक्की लिहा.